बँकॉकच्या चतुचक बाजारात पहिल्यांदा जाताना

शनिवार-रविवारी सकाळी 9 लाच पोचा. दुपारी पत्र्याखालच्या बोळांत जीव गुदमरतो. एमआरटीने, म्हणजे बँकॉकच्या मेट्रोने, कम्फेंग फेतला उतरा, स्टेशनाचा जिना थेट बाजारात निघतो. काही आवडलं की आधी दुकानाच्या पाटीचा फोटो काढा, त्यावर सेक्शन आणि सोई, म्हणजे बोळाचा नंबर असतो. सेक्शन 27 आहेत, त्यामुळे ‘परत येताना घेऊ’ म्हटलेली वस्तू सहसा हुकतेच. एका नगावर घासाघीस नको. तीन-चार एकदम घ्या, मग हसून भाव विचारा.

मॉलमध्ये मात्र पासपोर्ट हवाच. व्हॅट परतावा, म्हणजे पर्यटकांना खरेदीवरचा कर परत, देणाऱ्या दुकानात एका दिवसात 2000 बाट खरेदी झाली, की फॉर्म तिथेच, त्याच दिवशी भरून घ्या. मोठ्या खरेदीचा माल विमानतळावर चेक-इनआधी कस्टम्सला दाखवावा लागतो. बॅग पट्ट्यावर गेली, की परतावा बुडाला. कार्डचं मशीन ‘रुपये की बाट’ विचारेल, तेव्हा बाटच निवडा.