विन स्कली यांना बेसबॉलचे सर्वोत्तम समालोचक का मानतात?

तुम्ही विचारलंय की विन स्कलींच्या कॉमेंट्रीचं एवढं कौतुक कशासाठी, आणि ज्याला बेसबॉल कळत नाही त्याला ती ऐकून काही मिळेल का. नक्की मिळेल. मला हा खेळ त्यांनीच शिकवला. मी लॉस एंजेलिसला आलो तेव्हा ते टीव्हीसाठी बोलायचे, पण पहिल्या तीन इनिंग्ज (सामना नऊ इनिंग्जचा असतो) तेच बोलणं रेडिओवरही लागायचं. ऑफिसातून घरी येताना गाडीत मी ते ऐकायचो.

१९५० साली ते ब्रुकलिन डॉजर्स या न्यूयॉर्कच्या संघासाठी माइकसमोर बसले, १९५८ला संघाबरोबर इकडे आले आणि २०१६पर्यंत, तब्बल ६७ हंगाम, त्याच संघाचे सामने सांगत राहिले. तरीही "आपण जिंकलो" ही भाषा त्यांची नव्हती. ते वळण त्यांना रेड बार्बर या गुरूंनी लावलं. शिवाय डॉजर्सच्या सामन्यांत ते बहुतेक एकटेच बोलायचे. दोघं-तिघं बसले की आपसात गप्पा मारतात आणि ऐकणारा बाहेर राहतो. स्कली थेट तुमच्याशी बोलायचे. लॉस एंजेलिसमधली सुरुवातीची वर्षं सामने इथल्या कोलिझियम या स्टेडियममध्ये व्हायचे. ते काही बेसबॉलचं मैदान नव्हे, मागच्या रांगांतून खेळ धड दिसायचा नाही. म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायचे आणि मैदानात बसून स्कलींना ऐकायचे! आकाशवाणीवर बाळ पंडितांची क्रिकेट कॉमेंट्री ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

९ सप्टेंबर १९६५चा सामना घ्या. डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कोफॅक्सचा 'परफेक्ट गेम', म्हणजे समोरच्या संघाचे २७ बॅटर आले आणि एकही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धाव घेताना गाठायच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोहोचला नाही. नववी इनिंग सांगताना स्कली चेंडूइतकंच कोफॅक्सकडे बघतात: त्याने टोपी काढली, केसांतून बोटं फिरवली, कपाळाचा घाम निपटून पँटला पुसला. पिचर उभा राहतो तो उंचवटा या घडीला जगातली सर्वांत एकाकी जागा असावी, असंही सांगतात. मधूनच घड्याळातली वेळ सांगतात, कारण हे रेकॉर्डिंग कोफॅक्सला आठवण म्हणून द्यायचं हे त्यांच्या मनात होतं. शेवटचा बॅटर हार्वी क्यूनचा फटका हुकतो, स्कली "परफेक्ट गेम!" म्हणतात आणि मग ३८ सेकंद फक्त गर्दीचा आवाज. पुन्हा बोलतात तेव्हा पहिली गोष्ट सांगतात ती वेळ: रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटं.

१९७४ला अटलांटात हँक अॅरनने कारकिर्दीतला ७१५वा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हाही ते बराच वेळ गप्प राहिले. मग बोलले ते धावांबद्दल नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, बेसबॉलच्या एका दैवताचा विक्रम मोडल्याबद्दल लोक एका कृष्णवर्णीय माणसाला उभं राहून मानवंदना देताहेत, हे त्यांनी सांगितलं. अॅरनला त्या विक्रमाआधी वर्णद्वेषी धमक्यांची पत्रं येत होती. इतकं नेमकं, त्या क्षणी, कागद समोर न ठेवता बोलता येणं हे मला अजून थक्क करतं.

दोन्ही रेकॉर्डिंग इंटरनेटवर सापडतात. आधी १९६५चं ऐका, नियम न वाचता. मग काय अडलं ते खाली विचारा, मी जमेल तसं सांगेन.