फक्त ७ हजार किलोमीटर चाललेली २०१९ची निन्जा ६५० सेकंडहँड घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: घर कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला, बजेट पाच लाखांच्या आत, वीकेंडला लांब जायला स्पोर्ट टूरर, म्हणजे लांब पल्ल्याला जमेल अशी स्पोर्ट बाइक हवी. ठाण्यातच २०१९ची कावासाकी निन्जा ६५० सापडली आहे. एमएच ०४ पासिंग, पहिला मालक, मीटरवर फक्त ७ हजार. मालक म्हणतो, "शोरूम पीस आहे, चालवलीच कुठे!" आणि तुम्ही विचारताय, एवढं कमी रनिंग असेल तर डोळे झाकून घ्यावी का.

डोळे झाकून तर नाहीच. खरं सांगू? त्या ७ हजारांचीच मला जास्त शंका येते.

आपल्याकडे, म्हणजे ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, या मोठ्या गाड्यांचं साधारण एकच होतं. पहिलं वर्ष हौसेचं. रविवारी पहाटे मुरबाडमार्गे माळशेज, नाहीतर कसारा, नाहीतर पनवेलवरून जुन्या हायवेने लोणावळा. पाऊस लागला की गाडी कव्हरखाली. मग लग्न, मूल, घराचा हप्ता, घोडबंदरला मेट्रोची खोदाखोद. गाडी सोसायटीच्या स्टिल्टमध्ये कोपरा धरते आणि महिन्यातून एकदा खाली उतरून स्टार्टर मारला की मालकाला वाटतं, काळजी घेतली. दोन्ही शहरं खाडीला लागून, हवा वर्षभर दमट. अशी गाडी चालून झिजत नाही, उभ्या उभ्या खराब होते. फोटोत ते कळत नाही, कारण विकायला काढताना फोम वॉश आणि पॉलिश झालेलं असतं.

म्हणून गाडी किती चालली ते नंतर बघा, आधी ती उभी कशी होती ते शोधा.

टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. १४१९ दिसलं तर टायर २०१९च्या चौदाव्या आठवड्यात बनलाय. ७ हजारांत नक्षी फारशी जात नाही, त्यामुळे मालक कौतुकाने दाखवणार, "बघा, सत्तर टक्के टायर बाकी आहे." तुम्ही नख रुतवून बघा. जुनं रबर लाकडासारखं लागतं आणि खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसतात. ओल्या घाटात ही सत्तर टक्के नक्षी काही कामाची नाही. त्यात २०१९च्या मॉडेलला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरायला लागलं की ताकद आवरणारी यंत्रणा नाही, निन्जा ६५०ला ते २०२३मध्ये आलं. साइझ पुढे १२०/७०, मागे १६०/६०, दोन्ही १७ इंची. चांगल्या कंपनीची जोडी घ्यायची तर पंचवीस-तीस हजार सहज जातात. तेवढे भावातून वजा झालेच पाहिजेत.

मग पुढचा शॉकअप. त्याच्या चकचकीत नळ्यांवरून अंगठ्याचं नख वरून खाली फिरवा, मागच्या बाजूनेही. नख कुठे अडखळलं तर तिथे गंजाचा ठिपका आहे. लोक म्हणतात, "ऑइल सील बदललं की झालं." नाही होत. तो खड्डा नवं सीलही कापतो आणि काही महिन्यांत नळीवर परत तेलाचं कडं उमटतं. नळ्याच बदलायच्या म्हटलं तर आकडा ऐकून घाम फुटेल. एवढ्या एका गोष्टीसाठी मी एका मैत्रिणीला खारघरहून गाडी न घेता परत आणलं आहे. बाकी गाडी देखणी होती.

आता खाली बसा. अक्षरशः गुडघे टेकून, मोबाइलचा टॉर्च लावून. निन्जा ६५०चा सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली आहे आणि ग्राउंड क्लिअरन्स जेमतेम १३० मिलिमीटर. सोसायटीच्या गेटवरचे काळे-पिवळे गतिरोधक, मागे बसलेला मित्र, वर सामान, एवढं जमलं की पोट घासलंच. थोडे ओरखडे चालतील. चेपलेला डबा, वेल्डिंगचा डाग किंवा सुटलेला क्लॅम्प चालणार नाही. तिथूनच पुढच्या चाकामागचे दोन एक्झॉस्ट पाइप बघा. पुढच्या चाकाचा सगळा चिखल तिथे उडतो. पावसाळ्यानंतर गाडी न धुता तशीच ठेवली असेल तर तिथे पापुद्रे सुटलेले दिसतात. वरचा चकचकाट एका दुपारचा असतो, हे पाइप मात्र खरं वय सांगतात. त्यांच्या वरती रेडिएटरच्या जाळीत माती अडकली आहे का, पाती दगडाने वाकली आहेत का, तेही लगेच दिसेल.

सायलेन्सर बाहेरचा लावला असेल तर मूळचा जपून ठेवलाय का विचारा. नसेल तर गाडीची किंमत माझ्या लेखी कमी होते. बदललेले सायलेन्सर पोलीस काढून घेतात, ढीग करून रोलरखाली घालतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतीलच. मालक आवाजाचे वेगळे पैसे मागेल. देऊ नका.

पेट्रोलची टाकी उघडून आत उजेड टाका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी दोन पावसाळे उभी राहिली तर आतून तांबूस होते, ते कण पुढे फिल्टर आणि इंजेक्टरपर्यंत जातात. पेट्रोलला आंबूस, जुन्या वार्निशसारखा वास आला तर गाडी कधीची उभी आहे ते समजा. ब्रेक ऑइल हँडलवरच्या डबीत दिसतं. ते फिकट पिवळं हवं, कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं असेल तर दर दोन वर्षांनी बदलायचं ते कुणी बदललेलं नाही. गाडी ढकलून बघा, सहज सरकते की ब्रेक धरून ठेवतायत. उभ्या गाडीत कॅलिपरचे पिस्टन अडकतात.

मालकाला आदल्या रात्रीच निरोप द्या की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा पिऊन या आणि थंड झाल्यावर चालू करा. पहिल्या झटक्याला सुरू होणं, एफआयचा (फ्युएल इंजेक्शनचा) दिवा विझणं, धूर नसणं हे सगळं थंड इंजिनावरच कळतं. नंतर पंखा चालू होईपर्यंत जागेवर चालू राहू द्या. तुम्ही कापूरबावडीच्या सिग्नलला उभे राहणार आहात, युरोपात नाही.

पडलेली गाडी ओळखायला फेअरिंगपेक्षा (बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणापेक्षा) स्टिअरिंगची अडण बघा. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवलं की फ्रेमवरच्या छोट्या अडणीला लागून थांबतं. ती अडण चेपलेली किंवा तुटलेली असेल तर पुढून चांगलाच मार बसलाय, मालक काहीही सांगो. बार एंड (हँडलचं टोक), लिव्हरचं टोक, फुटरेस्टचं टोक हे पार्किंगमध्ये आडवी झाल्याचे डाग असतात, ते फारसे मनाला लावून घेऊ नका. एवढ्या जड गाडीला हे कधी ना कधी होतंच. (मी गाडी बघायला जाते तेव्हा सोबत भाऊ असला की मालक त्याच्याशीच बोलत राहतो. भावाला क्लच आणि ब्रेकमधला फरकही धड माहीत नाही. माझं खाली वाकून बघणं मात्र तेवढ्या वेळात निवांत उरकतं.)

अपघाताची दुसरी खूण कागदावर असते आणि ती फार कमी लोक बघतात. चालू विमा पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते वाचा. क्लेम न घेता दरवर्षी पॉलिसी चालू ठेवली तर तो २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांवर जातो. पहिल्या मालकाची २०१९ची गाडी आणि बोनस शून्य किंवा २० असेल, तर एकतर क्लेम झालाय किंवा पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त तुटली होती. दोन्हींचं उत्तर मालकाकडून मिळालं पाहिजे. आणखी एक: २०१९ला नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागायचा. तो २०२४मध्ये संपला. उभ्या गाडीचा पुढचा विमा काढायला लोक विसरतात, तेव्हा "विमा आहे ना" एवढ्यावर न थांबता तारीख बघा.

सर्व्हिसची बिलं सगळी मागा. तारीख आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग, दोन्ही ओळीने लिहून काढा. ७ हजार किलोमीटर आणि दरवर्षी एक ऑइल बदललेलं बिल, अशी गाडी असेल तर ती खरोखर चांगली आहे, सोडू नका. पण २०२१नंतर बिलच नाही आणि "चालवलीच नाही तर सर्व्हिस कशाला" असं उत्तर आलं, तर मी त्या ७ हजारांपेक्षा दरवर्षी सर्व्हिस झालेली ३० हजारांची निन्जा घेईन. माझी स्वतःची गाडी तशीच घेतलेली आहे, मीटर भरपूर फिरलेलं आणि बिलांची फाइल जाडजूड. बिलांवरचं रीडिंग पुढे जाता जाता कुठे मागे आलेलं दिसलं, तर तिथून उठाच.

कागदांचं पटकन सांगते. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, बोजा, विमा, पीयूसी बघा आणि महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर ई-चलान. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, "लोन कधीच संपलंय" याला अर्थ नाही. नोंदणी १ एप्रिल २०१९च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा. चेसिस नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा, तो हँडलखाली फ्रेमच्या गळ्यावर कोरलेला असतो. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुम्ही दोघंही ठाण्याचे, त्यामुळे हे सोपं जाईल. स्वस्त मिळते म्हणून बाहेरच्या राज्याचं पासिंग घेऊ नका, एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर यात वाचलेले पैसे जातात आणि डोकेदुखी वेगळी.

भावाबद्दल. सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून ३१ होता. हे कारण सांगून जुन्या गाडीवालेही चढा भाव मागतात. ऐकून घ्या, आणि मग टायर, बॅटरी, ब्रेक ऑइल, कूलंट, चेन आणि विमा यांचा हिशोब कागदावर मांडून समोर ठेवा. तोंडी घासाघीस करण्यापेक्षा याने भाव लवकर उतरतो. पाच लाखांच्या बजेटमधले निदान पन्नास-साठ हजार पहिल्या वर्षासाठी बाजूला राहिलेच पाहिजेत.

रोज ऐरोलीला न्यायचा विचार असेल तर नका नेऊ. घोडबंदर, कळवा, विटावा या रस्त्याला १९० किलोच्या वर वजन आणि मांडीवर येणारी इंजिनाची धग, आठवड्यात हौस फिटेल. स्कूटर विकू नका. आणि एक्सप्रेसवे आणि अटल सेतू दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा तुमचं टूरिंग जुन्या रस्त्यांवरच होणार. तिथे ही ६५० पुरून उरते. याच भावात कावासाकीचीच व्हर्सिस ६५० मिळाली तर तीही बघा, खराब रस्त्याला ती बरी, फक्त उंच आहे, पाय टेकतात का बघा. निन्जा १०००च्या मोहात या बजेटमध्ये पडू नका.

टोकन द्यायची घाई करू नका. आधी बिलांच्या तारखा, त्यावरचं रीडिंग, टायरचे चार आकडे आणि पॉलिसीवरचा बोनस एवढं इथे कमेंटमध्ये टाका. गाडीचा नंबर किंवा मालकाचं नाव टाकू नका. मग किती कमी करून मागायचे ते सांगते.