ठाण्याला चढलेल्या बाई "कुठे?" विचारतात तेव्हा

"मावशी, लग्न होऊन कोल्हापूरहून डोंबिवलीला आले. सकाळी डोंबिवली लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी. परवा ठाण्याला चढलेल्या बाईंनी विचारलं, 'कुठे?' मी म्हटलं, 'अंधेरी.' सगळ्या हसल्या, त्या बाई मात्र चिडल्या. दुसऱ्या दिवशी दोघींनी विचारलं. दोघींना घाटकोपर सांगितलं, तर उतरताना त्या माझ्या सीटवरून भांडल्या. अनोळखी बायकांना मी कुठे उतरते ते सांगायचंच कशाला?"
– लोकलला नवी

अगं, अंधेरीचं वाचून मीही हसले. अंधेरी पश्चिम रेल्वेवर, तू बसलीस मध्य रेल्वेच्या गाडीत. त्या बाईंना वाटलं असणार, ही पोर आपली टिंगल करतेय.

त्यांना तुझ्या घराशी नि ऑफिसशी काही देणंघेणं नसतं. तू उठलीस की सीट आपल्याला मिळेल का, एवढंच विचारायचं असतं, त्याला लेडीज डब्यात "कुठे?" म्हणतात. तेव्हा स्टेशन सांगायचं आणि दुसरीने विचारलं की "दिलीय" म्हणायचं. भांडण लागलं ते इथेच, एकच सीट तू दोघींना दिलीस. उठताना पहिलीला खूण कर, ती बसेपर्यंत जागा पूर्ण सोडू नकोस.

तीन जणींच्या बाकावर चौथी "जरा सरकता?" म्हणाली तर सरकायचं. चौथी सीट म्हणजे नुसतं टेकणं, एक पाय कायम बाहेर. मी तशी कित्येक वर्षं काढलीत. सरकताना तोंड वाकडं करणारीचा चेहरा अजून आठवतो. पण सुटायच्या स्टेशनात पर्स ठेवून "मैत्रीण येतेय" म्हणणाऱ्या ग्रुपला भिऊ नकोस. "येईपर्यंत बसते" म्हणून बस. दोन दिवस कुजबुजतील, तिसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा पुढे करतील. (नाही केला तर पुढच्या डब्यात जा. रोज सकाळी कोण भांडत बसणार?)

सॅक पाठीवर नको, पोटाशी धर. आणि भांडुप मागे पडलं की उठच. दाराकडे सरकताना पुढचीला विचार, "घाटकोपर?" ती नाही म्हणाली तर तिला मागे घेऊन तू पुढे हो. नाहीतर कुर्ल्याला उतरून उलटी गाडी पकडावी लागेल.

त्या ठाण्याच्या बाई पुन्हा दिसल्या तर त्यांनी विचारायच्या आधीच सांग, "घाटकोपर, तुम्ही बसा."