पायवाटेच्या दाव्यातली उलटतपासणी

अनेक आशीर्वाद.

कुडाळच्या कोर्टात पुढच्या तारखेला वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी तू एकटी घेणार, हे ऐकून बरं वाटलं. वादी आपल्या अशिलाच्या जमिनीतल्या पायवाटेवर हक्क सांगतोय; आपलं म्हणणं, ती ये-जा मालकाच्या, म्हणजे आपल्या अशिलाकडच्या परवानगीनं होती. साक्षीदार म्हातारा आहे, वाडीत त्याला मान आहे. त्याला खोटं पाडायला जाऊ नकोस. तो बहुधा खरंच बोलेल, आणि तुला तेच हवं आहे.

सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून ये-जा करण्यासारखा हक्क) अधिनियम, १८८२ चं कलम १५ पुन्हा वाच. नुसती २० वर्षांची ये-जा पुरत नाही. ती उघड, अखंड, बिनहरकत आणि हक्क म्हणून झालेली असावी लागते. मालकाच्या परवानगीनं कितीही वर्षं चाललं तरी हक्क मिळत नाही. साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रात 'पूर्वापार वहिवाट' असेलच, पण ते शब्द वकिलाचे असतात. म्हाताऱ्याला त्याच्या मालवणीत बोलू दे.

'परवानगी' हा शब्द सुरुवातीला काढूच नकोस. लहान लहान प्रश्न विचार. लावणी झाल्यावर कुणग्यातून (भातखाचरातून) जायचात की फिरून? गडग्याला (दगडी कुंपणाला) बेडं (फाटक) कुणी घातलं? लाकडांची गाडी न्यायची तर आधी मालकाच्या घरी जायचात ना? घरात कोणी नसलं तर थांबायचात ना? उलटतपासणीत सूचक प्रश्नांना (ज्यांत उत्तर सुचवलेलं असतं) मुभा आहे, ती वापर; पण एका प्रश्नात एकच गोष्ट. 'होय' आलं की पुढे सरक. 'म्हणजे तुमचा हक्क नव्हताच ना?' असं विचारलंस की तो सावध होईल आणि सगळं सावरून घेईल. तो निष्कर्ष युक्तिवादात मांड.

जबानी सलग निवेदनात उतरते, तुझा प्रश्न त्यात दिसत नाही. दोन उत्तरं एका वाक्यात मिसळली की नेमकं हवं ते पुसट होतं. मोक्याच्या ठिकाणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १० खाली प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं घेण्याची विनंती कर. कारण सांगावं लागेल, तयार ठेव. न्यायाधीशांपुढे हे बोलायला संकोच करू नकोस, माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटी मात्र आपली बाजू त्याच्यासमोर ठेवावीच लागते: मालकाच्या परवानगीनंच तुम्ही जात होता. तो 'खोटं आहे' म्हणेल. म्हणू दे; पण हे त्याला विचारायचं राहून गेलं तर त्याचं म्हणणं तू मान्य केलंस, असा युक्तिवाद होईल.

रविवारी अशिलाला घेऊन ती वाट चालून ये. बेडं अंगणातून दिसतं का, पावसात कुठे पाणी साठतं, विचारून घे. मग प्रश्न लिहून आण, सोमवारी सकाळी बसू.