वडिलांनी जमवलेल्या वाइनचा वारसा मिळतो, विक्रीचा हक्क मिळत नाही

पुण्याच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरातील एका खोलीत एसी लावून सुमारे दीडशे बाटल्या उंची वाइन जमवली. गेल्या फेब्रुवारीत मृत्युपत्र न करता त्यांचे निधन झाले. मद्यसेवनाचा परवाना फक्त त्यांच्या नावे होता. घरात आता आई आणि त्या स्वतः आहेत. लंडनला राहणारा भाऊ संग्रहाच्या निम्म्या किमतीवर हक्क सांगतो. तेथील एका बाँडेड गोदामात (कर भरण्याआधी माल ठेवण्याच्या अधिकृत गोदामात) वडिलांच्या पैशांतून घेतलेल्या फ्रान्सच्या बोर्दो वाइनच्या चार पेट्याही भावाच्या नावे पडून आहेत. दरम्यान, वडिलांच्या एका परिचितांनी पुण्यातील सर्व बाटल्या सहा लाखांना घेण्याचे ठरवून पन्नास हजार रुपये विसार म्हणून मोबाइलवरून पाठवले. बाटल्या विकाव्यात, ठेवाव्यात की गोव्यातील घरी न्याव्यात, असे त्या विचारतात.

ताई, सर्वप्रथम विसार परत करा आणि तो ज्या खात्यातून आला त्याच खात्यात परत करा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम) याच्या व्याख्येत वाइन हे मद्यच आहे, आणि अनुज्ञप्तीवाचून (विक्रीच्या सरकारी परवान्यावाचून) मद्य विकणे हा कलम 65 खाली गुन्हा आहे. घेणाराही त्यातून सुटत नाही. व्यवहार ओळखीत झाला, नफा घेतला नाही किंवा बाटल्या वारशाने आल्या, या सबबी तेथे उपयोगी पडत नाहीत. मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात 1994 मध्येच स्पष्ट केले आहे. बेकायदा उद्देशाचा करार भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 23 प्रमाणे शून्य ठरतो, म्हणून हे गृहस्थ उद्या आपल्याकडे बाटल्यांचा ताबा मागू शकणार नाहीत. पण त्यांची रक्कम ठेवून घेण्यासही आपल्याला आधार उरत नाही. रक्कम पाठवताना त्यांनी शेऱ्यात ‘वाइन’ असे लिहिले असेल, तर विक्रीचा पुरावा त्यांनीच तयार करून ठेवला आहे. रक्कम परत करताना ‘विक्री कायद्याने शक्य नसल्याने व्यवहार रद्द’ एवढे एका ओळीत लेखी कळवावे आणि फोनवर अधिक चर्चा करू नये.

आता बाटल्या घरात ठेवण्याबद्दल. मालकी आणि कायदेशीर ताबा या येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंगम मालमत्ता म्हणून बाटल्या वारसांकडे आल्या, परंतु त्या बाळगण्याची मुभा देणारा परवाना व्यक्तिगत होता आणि वडिलांबरोबरच संपला. आपण स्वतः वाइन घेत असाल, तर आजच राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे परवान्यासाठी अर्ज करा. वाइनसाठी वयाची अट 21 वर्षे आहे; शुल्क वर्षाला 100 रुपये आणि आजीव परवान्यासाठी 1000 रुपये असे नाममात्र आहे. आई मद्य घेत नसतील, तर केवळ बाटल्यांची संख्या बसवण्यासाठी त्यांच्या नावे परवाना काढू नये. परवाना स्वतःच्या सेवनासाठी असतो, आणि अर्जातील खोटे निवेदन ही नवी अडचण ठरेल.

दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका घरात सापडलेल्या 132 बाटल्यांचा गुन्हा रद्द केला होता, त्याचा दाखला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. तेथील नियम प्रत्येक प्रौढ व्यक्तीला ठरावीक लिटर मद्य बाळगू देतो आणि घरात 25 वर्षांवरील सहा जण होते, म्हणून हिशेब जुळला. आपल्याकडे मर्यादा परवान्याला जोडलेली आहे. ज्याच्याजवळ परवाना नाही, त्याच्या वाट्याची मोजदाद शून्यावरच थांबते. परवाना मिळाला तरी दीडशे बाटल्या त्यात बसणार नाहीत, हे गृहीत धरून चाला.

त्यामुळे खरे काम त्या खोलीत आहे. प्रत्येक बाटली उलटी करून मागचे लेबल वाचा. महाराष्ट्रात कायदेशीरपणे विकलेली बाटली, ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असे छापलेली बाटली, सैन्यदलाच्या कँटीनची बाटली आणि विमानतळावरील शुल्कमुक्त दुकानातून आणलेली बाटली यांचे कायदेशीर स्थान एकसारखे नाही. शुल्कमुक्त सवलत प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत असते. वडिलांनी दर फेरीला एखाददुसरी आणली असेल, तर त्यात गैर काही नाही, मात्र त्याची पावती दाखवता आली पाहिजे. वडिलांनी वहीत तारीख, दुकान, किंमत आणि बाटलीचा कप्पा टिपून ठेवल्याचे आपण लिहिले आहे. ती वही फाडू नका, तिच्यात नवी नोंदही करू नका. बाळगलेल्या मद्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर बाळगणाऱ्याने गुन्हा केला असे कायदा गृहीत धरतो, आणि त्या वेळी पावत्या व ही वही एवढाच आपला खुलासा असेल. गोव्याच्या बाटल्यांची नोंद तिच्यात आहे, म्हणून ती अडचणीचीही ठरेल. तरीही ती असणे नसण्यापेक्षा बरे.

यादी झाल्यावर मृत्यूच्या दाखल्यासह ती पुण्याच्या अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांच्याकडे वकिलामार्फत सादर करावी आणि परवान्याच्या मर्यादेबाहेरील साठ्याबाबत लेखी निर्देश मागावेत. छापा पडल्यावर दिलेला खुलासा आणि त्याआधी स्वतःहून दिलेली माहिती, यांत न्यायालय फरक करते. माझा अनुभव असा की कुटुंबे येथेच कचरतात आणि बाटल्या नातेवाइकांकडे वाटून टाकतात. त्यातून एका आरोपीचे पाच आरोपी होतात.

गोव्याचा बेत सोडून द्यावा. वाहतुकीलाही परवाना लागतो, राज्याबाहेर मद्य नेणे हा वेगळा विषय आहे, आणि गोव्याच्या सीमेजवळील बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर गाडी अडवली गेली, तर बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होऊ शकते.

भावाच्या मागणीत दोन चुका आहेत. आपण हिंदू असाल, तर 1956 च्या उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे आई, आपण आणि भाऊ असे तीन समान वाटेकरी होतात, म्हणून त्याचा हिस्सा निम्मा नसून एक तृतीयांश आहे. दुसरे असे की, त्याने इंटरनेटवरील लिलावांचे भाव लावून आकडा काढला आहे. जी वस्तू येथे विकताच येत नाही, तिची वाटणीपुरती बाजारकिंमत मी तरी धरणार नाही. शिवाय वडिलांच्या निधनानंतर एप्रिल-मे महिन्यांत खोलीतील एसी बंद होता, असे आपणच लिहिले आहे. 12 ते 14 अंशांवर ठेवायची वाइन पुण्याच्या उन्हाळ्यात दोन महिने राहिली, तर बूच वर सरकते, कडेने पाझर सुटतो, आणि जाणकार गिऱ्हाईक अशी बाटली हातातही घेत नाही. सहा लाखांचा आकडाही याच कारणाने मला संशयास्पद वाटतो.

विक्रीयोग्य वाइन आहे ती लंडनला. बाँडेड गोदामात असेपर्यंत तिच्यावर तेथील उत्पादन शुल्क किंवा व्हॅट भरावा लागत नाही, तापमानाची नोंद राहते आणि ती रीतसर विकता येते. शिवाय 50 वर्षांहून कमी आयुष्याची वस्तू म्हणून ब्रिटनमध्ये अशा वाइनला भांडवली नफ्याच्या करातून बहुधा सूट मिळते. ते भावाने तेथील सल्लागाराकडून तपासून घ्यावे. त्या पेट्या भारतात आणण्याचा विचारही करू नये, कारण आपल्याकडे आयात वाइनवरील सीमाशुल्काचा सर्वसाधारण दर 150 टक्के आहे. वडिलांनी त्या भावाला भेट दिल्या, की सोयीसाठी नुसते त्याचे नाव लावले, हे त्यांच्या ईमेलवरून ठरवता येईल. पण तो वाद उकरण्यात आपला फायदा नाही. चारही पेट्या भावाने स्वतःच्या हिश्शापोटी घ्याव्यात आणि पुण्यातील बाटल्यांवरचा हक्क सोडावा, असा लेखी कौटुंबिक समझोता तिघांच्या सह्यांनी करावा. तो केवळ जंगम वस्तूंपुरता असल्याने त्याची नोंदणी करावी लागणार नाही. मात्र अधीक्षकांकडे अर्ज गेल्याचा उल्लेख त्यात असावा, म्हणजे पुढे साठा जप्त झाला किंवा नष्ट करावा लागला, तर भाऊ आपल्याकडे भरपाई मागू शकणार नाही.