बायपाससाठी पायाची शीर काढल्यावर पायातलं रक्त वर कसं जातं?
स्नायूंमधल्या खोल शिरांतून. एरवीही पायातलं सुमारे ९० टक्के रक्त त्यांतूनच परततं, म्हणून कातडीखालची शीर काढलेली चालते. बायपासला बहुधा लाँग सॅफिनस ही कातडीखालची लांब शीर घेतात: आतल्या घोट्याच्या पुढून निघून पोटरी-मांडीच्या आतल्या अंगाने ती जांघेत फीमोरल या खोल शिरेला मिळते. पोटरीत तिला खेटूनच एक मज्जातंतू जातो, त्यामुळे नंतर तिथे बधिरपणा वाटू शकतो. बाहेरच्या घोट्यामागून गुडघ्याच्या खळग्यात जाणारी शॉर्ट सॅफिनस शाबूत राहते. काही आठवडे पाय सुजतो. बसताना तो उंचावर ठेवा. मात्र खोल शिरेत पूर्वी गुठळी झाली असेल तर हे गणित बदलतं. ते शस्त्रक्रियेआधीच सर्जनना सांगा, डॉपलर तपासणी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून ते ठरवतील.