नोकरी, मुले आणि रोड सायकल : आधी परतण्याची वेळ ठरवा

बाणेरला घर, हिंजवडीत नोकरी, पत्नीचीही पूर्णवेळ नोकरी, मुलगा तिसरीत आणि मुलगी बालवाडीत, वर्षापूर्वी घेतलेली रोड सायकल महिन्यातून जेमतेम दोनदा बाहेर निघते, रविवारी घरी पोहोचेपर्यंत सगळ्यांचा विरस झालेला असतो, आणि तरीही येत्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) पूर्ण करायची आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी बँकेत नोकरी करते, सिंहगड रस्त्याला राहते आणि माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हापासून, म्हणजे गेली 11 वर्षे, सायकल चालवते आहे. तुमचे वर्णन वाचून मला वाटते की तुमच्या घरातली कुरबुर तुम्ही बाहेर जाता म्हणून होत नसावी. तुम्ही नेमके केव्हा परतणार हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ती होत असावी.

मुलगी चार वर्षांची असताना एका रविवारी मी पानशेतच्या बाजूला गेले होते. ‘नऊपर्यंत येते’ असे सांगून निघाले होते, पण हवा छान होती, पाय चालत होते, म्हणून ठरवल्यापेक्षा बरीच पुढे गेले. परतताना डोणज्याच्या अलीकडे मागचे चाक बसले. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर पडणारी केसासारखी बारीक तार आत शिरली होती. घाईत मी टायरच्या आतून बोटे न फिरवताच नवी ट्यूब घातली आणि दहा मिनिटांत तीही गेली. घरी पोहोचायला 11 वाजून गेले. साडेनऊला माझ्या पतींना सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते आणि मुलीजवळ दुसरे कोणी नव्हते. मी दार उघडले तेव्हा सासरे बाहेरच्या खोलीत, चपला घालून, हातात फाइल घेऊन बसलेले होते. कोणी एक शब्दही बोलले नाही. त्या दिवसापासून मी किलोमीटर ठरवून निघणे बंद केले.

आता मी आधी परतण्याची वेळ ठरवते आणि तिथून उलटा हिशेब करते. साडेआठला घरी यायचे असेल आणि साडेपाचला निघायचे असेल, तर हाताशी तीन तास आहेत. त्यातली 20 मिनिटे पंक्चरसाठी बाजूला काढायची आणि उरलेल्या वेळाच्या निम्म्यावर, म्हणजे सहा वाजून 50 मिनिटांनी, जिथे असू तिथून मागे वळायचे. सिंहगडाचा घाटरस्ता गोळेवाडीपासून सुमारे नऊ किलोमीटरचा आहे, आणि माथा दोन वळणांवर दिसत असताना मागे फिरणे जिवावर येते हे मला चांगले ठाऊक आहे. पण घाट तिथेच राहणार आहे. (जाताना चढ आणि येताना उतार असेल तर निम्म्या वेळेनंतर थोडे पुढे जायला हरकत नाही, मात्र उलट असेल तर लवकर वळावे.) पंक्चर झाले नाही तर तुम्ही आठ वाजून दहा मिनिटांनीच घरी असता, आणि वाटेत दुधाच्या पिशव्या घेऊन वेळेआधी घरी आलेल्या माणसाला पुढच्या रविवारी कोणी अडवत नाही. खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी उशिरा गाड्यांची जी गर्दी होते, तिच्यातून वाट काढावी लागत नाही, हा आणखी एक लाभ.

पहाटेचा हा वेळ खरे तर आदल्या रात्रीतून काढावा लागतो. शनिवारी रात्री बारापर्यंत चित्रपट पाहून रविवारी साडेचारला उठणारा माणूस दुपारी झोपतो, आणि मग सकाळबरोबर दुपारही घरच्यांच्या हातून जाते. मी दहाच्या आत झोपते. टायरमध्ये हवा रात्रीच भरते, कारण फ्लोअर पंपाच्या आवाजाने पहाटे सगळे घर जागे होते. माझ्या वजनाला 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये हवेचा दाब 70 ते 75 पीएसआय पुरतो. बाटल्या, हेल्मेट, चार्ज केलेले पुढचे-मागचे दिवे, एक जादा ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिममधून काढायची पट्टी) आणि छोटा पंप दाराजवळ मांडलेले असते. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा तळाला असलेले, बूट मी लिफ्टपर्यंत हातात नेते, कारण फरशीवरच्या त्या टकटक आवाजाने मुलगी हमखास जागी होत असे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे दीड तास अंधारातच जातो. त्या दिवसांत दिव्यांवर खर्च करताना हात आखडता घेऊ नका.

आठवड्याच्या मधले दोन दिवस, समजा मंगळवार आणि गुरुवार, प्रत्येकी एक तास पुरे. तुम्हाला सूसची खिंड जवळ आहे. तिथपर्यंत हलके जावे, मग चढावर चार मिनिटे जोर लावून चढावे आणि तीन मिनिटे सावकाश उतरावे, असे चार वेळा करून घरी यावे. रविवारी मात्र शेजारून सायकल चालवणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने चालवावे. दोन तास मध्ये आणि साडेतीन तास रविवारी, असे आठवड्याचे साडेपाच तास होतात, आणि सगळे मिळून शे-सव्वाशे किलोमीटर भरतात. 200 च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी 15 किलोमीटरसुद्धा लागत नाही. एवढ्या सरावावर, मध्ये दोन-तीनदा 100 ते 120 किलोमीटरची राइड केलेली असेल आणि वाटेत वेळेवर खाण्याची सवय असेल, तर ती निश्चित पूर्ण होते. दोन तासांच्या वर चालवायचे असेल तेव्हा भूक लागण्याची वाट पाहू नये. दर तासाला एक केळे आणि थोडी राजगिऱ्याची चिक्की मला पुरते.

ब्रेव्हेची तारीख दोन महिने आधी घरात सांगा, कारण तो पूर्ण दिवस जाणार आहे आणि दुसऱ्या दिवशीही तुम्ही थकलेले असणार आहात. त्याआधी मुलांच्या परीक्षा, घरातली लग्नकार्ये आणि पत्नीच्या कार्यालयातली धावपळ पाहून घ्या. 300 ला 20 तास आणि 400 ला 27 तास असतात. मुलगी बालवाडीत असेपर्यंत तो विचार बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जे तुम्ही विचारलेले नाही, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते सांगते. तुमचे साडेपाच तास ठरवण्याआधी पत्नीचे साडेपाच तास कॅलेंडरवर लिहा. त्या काय करतील हा प्रश्न तुमचा नाही. पोहतील, मैत्रिणींकडे जातील किंवा दार लावून झोपतील. त्या वेळात मुलांचे जेवण, अभ्यास, भांडणे सगळे तुम्ही पाहायचे, आणि ‘डबा कुठे ठेवला आहे’ असे विचारायला फोन करायचा नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रविवारच्या चौकोनात माझे नाव आणि शनिवारच्या चौकोनात पतींचे नाव महिनाभर आधी लिहिले जाते. मुलीला ताप आला की ज्याचा दिवस असेल त्याचा तो दिवस रद्द होतो, आणि तो पुढे वसूल करायचा नाही, असेही ठरलेले आहे. पहिल्या वर्षी हे मला जड गेले. रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवून पहाटे पाच वाजता, दाराजवळ तयार असलेल्या सायकलकडे पाहत बसलेली मला आठवते.

ट्रेनर, म्हणजे घरातच सायकल जागच्या जागी चालवण्याचे यंत्र, घ्यावा का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. एवढ्यात घेऊ नका. जून ते सप्टेंबर मंगळवार-गुरुवारसाठी तो उपयोगी पडतो हे खरे, पण फ्लॅटमध्ये त्याची घरघर खालच्या मजल्यापर्यंत जाते, आणि पाऊस थांबलेल्या सकाळी मडगार्ड लावून बाहेर जाता येतेच. फक्त घरी आल्यावर चेन पुसून, कोरडी करून तिला तेल दिल्याशिवाय आंघोळीला जाऊ नका. पावसाळ्यात एका रात्रीत ती तांबडी पडते.